ओसिबिसाच्या आनंदाची बांधणी

ओसिबिसा या लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या बँडचा पहिला एलपी (लांब तबकडी) १९७१ साली आला. त्यावरचं 'द डॉन' हे पहिलं गाणं रानातल्या आवाजांनी उघडतं. मग बासरी येते, आणि बँडचा म्होरक्या टेडी ओसेईचा संथ आवाज आपल्याला सोबत चला म्हणतो. त्या निवेदनात तो आपल्या संगीताची ओळख करून देतो: एकमेकींना छेद देणाऱ्या आणि आनंदाने फुटणाऱ्या लयी. पुढची पन्नास वर्षं या बँडवर लिहिणाऱ्यांनी त्यातला आनंद तेवढा उचलला. छेद देणाऱ्या लयी मागेच राहिल्या.

त्यामुळे ओसिबिसा म्हटलं की 'सनशाइन डे', नाचगाणं आणि रंगीबेरंगी अंगरखे एवढंच डोळ्यांसमोर येतं. पार्टीचा बँड असा शिक्का बसला तो बसलाच. मला हा अन्याय वाटतो. हा आनंद उत्स्फूर्तपणे उसळून आलेला नाही. तो मोजून मापून बांधलेला आहे. कुठे वाजवायचं आणि त्याहून जास्त म्हणजे कुठे वाजवायचं नाही, याची त्यामागे कडक शिस्त आहे. ती शिस्त कुठून आली, रॉकच्या वाद्यांवर ती कशी बसवली आणि पुढे कशामुळे ढिली पडली, हाच ओसिबिसाचा खरा इतिहास आहे.

सुरुवात कुमासीपासून करावी लागते. असांते लोकांचं हे जुनं राजधानीचं शहर. टेडी ओसेईचा जन्म तिथलाच, १९३७चा. तो विशीत येईपर्यंत घाना स्वतंत्र झाला होता (६ मार्च १९५७), आणि त्या स्वातंत्र्याचं संगीत म्हणजे हायलाइफ. ई. टी. मेन्साच्या टेम्पोज बँडने ते पश्चिम आफ्रिकाभर नेलं होतं: ट्रंपेट, सॅक्सोफोन, गिटार, काँगा (हाताने वाजवायचे उभे ढोल), सूट घातलेले वादक आणि डान्स हॉलमध्ये जोडीने नाचणारे लोक. ओसेईने सॅक्सोफोन धरला. आधी स्टारगेझर्स, मग स्वतःचा कॉमेट्स. कॉमेट्सचं 'पेते पेते' १९५८मध्ये पश्चिम आफ्रिकेत गाजलं.

पण हायलाइफची एक जुनी शाखा डान्स हॉलच्या बाहेर होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किनाऱ्यावरच्या फँटी लोकांमध्ये ओसिबिसाबा नावाचं नाचाचं संगीत होतं. बँडचं नाव त्यावरूनच आलं. फँटींचे करमणुकीचे ढोल आणि लायबेरियाच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या क्रू खलाशांची गिटार यांचा तो मेळ. क्रू खलाशी गिटार दोनच बोटांनी वाजवत. अंगठा खालच्या तारांवर खर्ज धरायचा आणि तर्जनी वरच्या तारांवर सूर छेडायची. अंगठा आणि तर्जनी एकाच क्षणी क्वचितच पडत. एक थांबला की दुसरी बोले. कुमासी ट्रिओ नावाच्या तिघांनी १९२८ साली लंडनला जाऊन झोनोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं, त्यात 'या अम्पोन्सा' हे गाणं होतं. ती चाल आजही घानातल्या प्रत्येक गिटारवाल्याच्या हातात असते. ही दोन बोटांची अदलाबदल लक्षात ठेवा. पुढे सात माणसांच्या बँडमध्ये तेच तत्त्व दिसतं.

ओसेई १९६२ला घाना सरकारच्या शिष्यवृत्तीवर संगीत शिकायला लंडनला गेला. १९६४मध्ये तिथे त्याने कॅट्स पॉ नावाचा बँड काढला. हायलाइफ, सोल (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं) आणि रॉक एकाच ताटात वाढायचा हा पहिला प्रयत्न. मग १९६९ साली त्याने ड्रमर सॉल अमार्फियो आणि ट्रंपेटवादक मॅक टोंटो यांना लंडनला बोलावून घेतलं. टोंटो त्याचा सख्खा भाऊ, घानाच्या नावाजलेल्या उहुरू डान्स बँडमध्ये मुरलेला. नायजेरियाचा लासिसी अमाओ तालवाद्यं आणि टेनर सॅक्सोफोन घेऊन आला. उरलेले तिघे कॅरिबियन बेटांवरचे: ग्रेनाडाचा स्पार्टाकस आर बेस गिटारवर, त्रिनिदादचा रॉबर्ट बेली ऑर्गन आणि पियानोवर, अँटिग्वाचा वेंडेल रिचर्डसन गिटारवर.

हे सातजण घानाच्या राजधानीत, आक्रात, भेटले नसते आणि त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्येही नाही. १९४८पासून कॅरिबियन लोक ब्रिटनमध्ये कामाला येत होते, पश्चिम आफ्रिकेतून विद्यार्थी येत होते, आणि १९६२च्या स्थलांतर कायद्याने ती दारं लोटायला सुरुवात झाली होती. १९६८च्या एप्रिलमध्ये खासदार इनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. त्यानंतर वर्षभरात हा बँड उभा राहिला. त्या लंडनमध्ये, गोऱ्या पोरांनी भरलेल्या रॉक क्लबांत आणि कॉलेजांच्या सभागृहांत, ही सात काळी माणसं घानाच्या लयीवर लोकांना नाचवत होती. त्या काळात आनंदी असणं सोपं होतं असं ज्याला वाटतं, त्याने ही तारीख एकदा डोळ्यांखालून घालावी.

आता लयीकडे येऊ. इथे घाई करून चालत नाही.

दक्षिण घानाच्या ढोलवादनात सगळ्यांचा आधार म्हणजे एक लोखंडी घंटी. तिच्यात लोलक नसतो. काठीने बाहेरून वाजवायची. इव्हे लोकांची जोडघंटी म्हणजे गांकोगी, अकान लोकांची होडीच्या आकाराची ती दावुरो. घानाच्या बोलण्यात सरसकट सगळ्यांना गाँग-गाँग म्हणतात, आणि ओसिबिसाच्या पहिल्या एलपीवरचं दुसरं गाणं तिच्याच नावाचं आहे: 'म्युझिक फॉर गाँग गाँग'. ढोल कितीही मोठा असला तरी ढोलवाला घंटीवर कान ठेवून वाजवतो. घंटीवाला मात्र आपला बोल सोडत नाही, बदलत नाही, सजवत नाही. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो आणि समेवर सगळे येऊन मिळतात. इथे ठेका धरायचं काम त्या घंटीकडे आहे. सगळ्यांनी एकदम येऊन मिळावं अशी ठसठशीत सम मात्र या संगीतात जाणूनबुजून टाळलेली असते.

करून बघितल्याशिवाय हे पटत नाही. बारा मात्रांचं आवर्तन घ्या. तोंडाने 'तकिट' हा बोल चार वेळा म्हणा: तकिट तकिट तकिट तकिट. प्रत्येक 'त'वर पायाने ठोका द्या, म्हणजे १, ४, ७, १० या मात्रांवर पाय पडेल. आता हाताने १, ३, ५, ६, ८, १०, १२ या मात्रांवर टाळी द्यायची आहे. बोलांत सांगायचं तर पहिल्या तकिटात 'त' आणि 'ट'वर, दुसऱ्यात 'कि' आणि 'ट'वर, तिसऱ्यात फक्त 'कि'वर, चौथ्यात पुन्हा 'त' आणि 'ट'वर. सात टाळ्या, पाच जागा रिकाम्या. टाळ्यांमधली अंतरं २, २, १, २, २, २, १ अशी.

सुरुवातीला पायाची गती मिनिटाला ६० ठोक्यांच्या वर नेऊ नका. पाय आणि टाळी एकत्र पडतात त्या जागा दोनच आहेत, पहिली मात्रा आणि दहावी. चौथ्या आणि सातव्या मात्रेवर पाय जमिनीवर येतो तेव्हा हात मोकळा असतो. मधला हा पट्टा अधांतरी आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे. आता टाळी तीच ठेवून पाय बदला: १, ३, ५, ७, ९, ११. पहिल्या तीन ठोक्यांना टाळी पायाबरोबर चालते, मग पाचव्या-सहाव्या मात्रेपाशी निसटते आणि उरलेला वेळ पायाच्या बरोबर मध्ये पडत राहते. घंटी एकच, पण चारात मोजली तर एक चेहरा आणि सहात मोजली तर दुसरा. ढोलवाले यातला एकेक चेहरा वाटून घेतात. ओसेई ज्या छेद देणाऱ्या लयी म्हणत होता त्या या.

चुकतं कुठे तेही सांगतो. पहिली चूक पाचवी-सहावी आणि बारावी-पहिली या चिकटलेल्या जोड्यांवर होते. हात नकळत त्यांना सैल करतो, सगळी अंतरं सारखी व्हायला लागतात आणि सात एकसारख्या टाळ्यांचा सपाट भरडा उरतो. बोल मोठ्याने म्हणत राहिलं तर ही चूक लगेच कळते, कारण टाळी चुकीच्या अक्षरावर पडते. दुसरी चूक जास्त फसवी आहे. थोड्या वेळाने पाय टाळीच्या मागे जायला लागतो. आपला कान सगळ्यात ठळक आवाजाला ताल समजतो, आणि इथे ठळक आवाज टाळीचा आहे. पाय टाळीला शरण गेला की छेद संपला. यावर उपाय एकच: पाय जोरात आपटा आणि टाळी हलकी ठेवा, पाय अंगात मुरेपर्यंत. घानात हे काम नाचणारे करतात. ठोका ऐकू येत नसला तरी तो सगळ्यांच्या पायात असतो.

सोळा मात्रांचा असाच एक बोल आहे, आणि रॉकशी सोयरीक जुळवायला तो जास्त सोपा. आक्रातल्या गा तरुणांनी १९६०च्या सुमारास बसवलेल्या क्पानलोगो नाचात तो मुख्य आहे. क्यूबाच्या संगीतातही हाच बोल क्लाव्हे म्हणून नांदतो, कारण गुलामांच्या जहाजांतून तो अटलांटिकपार गेला. 'तकधिमि' चार वेळा म्हणा. टाळी १, ४, ७, ११, १३ या मात्रांवर: पहिल्यात 'त' आणि 'मि', दुसऱ्यात 'धि', तिसऱ्यात 'धि', चौथ्यात 'त'. पाय १, ५, ९, १३वर. इथेही पाय आणि टाळी आवर्तनाच्या पहिल्या आणि शेवटच्या ठोक्यावरच भेटतात, मधले दोन ठोके रिकामे. ग्रेनाडाचा बेसवाला आणि कुमासीचा सॅक्सोफोनवाला पहिल्याच तालमीत एकमेकांना समजू शकले, याचं एक कारण हे समान मूळ असणार.

आता रॉकची अडचण बघा. रॉकमध्ये बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, स्नेअर (काठ्यांनी वाजवायचा छोटा, तीक्ष्ण आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्यावर, तेही कडकडीत. घंटी मधले जे दोन ठोके हेतुपुरस्सर रिकामे सोडते, नेमके तेच भरले जातात: दुसरा स्नेअरने, तिसरा बास ड्रमने. असा ड्रम दणकून वाजवला की घंटी नुसतं शोभेचं तोरण होऊन बसते. त्या काळातल्या कित्येक बँडांचं 'आफ्रिकन' वळण इथेच फसलं: खाली ठरलेला रॉक ठेका, वर काँगांची फोडणी.

ओसिबिसाचं मोठेपण असं की त्यांनी ड्रम सेटला ढोलांच्या ताफ्यातला एक गडी केलं, मुकादम केलं नाही. अमार्फियोचा ड्रम ऐकताना लक्षात येतं की तो सतत जागा सोडतो. घंटीचं काम कधी हाय-हॅटवर (ड्रम सेटच्या जोडझांजांवर), कधी काउबेलवर (काठीने वाजवायच्या धातूच्या घंटीवर) फिरतं. काँगा आणि हातातली छोटी वाद्यं मधल्या फटी भरतात, पण सगळ्या फटी कुणी एकजण भरत नाही. बेस गिटारचे तुकडे आखूड असतात. वाजला, थांबला, पुन्हा तोच तुकडा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. बेसने स्वर लांबवला की खालच्या ढोलांचा बोल त्याच्याखाली गाडला जातो, कारण दोघेही आवाजाच्या तळाशी त्याच पट्ट्यात राहतात. लांब स्वर धरायची मुभा बेलीच्या ऑर्गनला, कारण तो मधल्या-वरच्या पट्टीत राहतो आणि कुणाच्या पायात येत नाही. त्या सगळ्यावर रिचर्डसनची गिटार मनसोक्त रॉक वाजवू शकते, कारण खालचा पाया तिच्यावर अवलंबून नाही.

फुंकवाद्यांचीही हीच तऱ्हा. ओसेईचा सॅक्सोफोन, टोंटोची ट्रंपेट आणि अमाओचा टेनर सॅक्सोफोन बऱ्याचदा एकच ओळ घेऊन चालतात, आणि ती दुभंगली की सहसा सा-ग, रे-म अशा अंतराने समांतर चालते. अकान लोकांच्या समूहगायनात आवाज असेच जोडीने चालतात. अमेरिकन सोलच्या ब्रास सेक्शनपेक्षा (फुंकवाद्यांच्या ताफ्यापेक्षा) ओसिबिसाचं ब्रास वेगळं लागतं ते यामुळे. सोलमध्ये ब्रास गायकाच्या ओळीनंतर टोला हाणून जातं. इथे ते स्वतःच गायकांच्या घोळक्यासारखं गातं.

पहिल्या दोन एलपींचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी होता, टी. रेक्स आणि डेव्हिड बोवी यांच्याबरोबर काम केलेला. त्याच्यापुढचा पेच तांत्रिक होता. टेपवर ट्रॅक (आवाज वेगवेगळे नोंदवायच्या पट्ट्या) मोजके आणि वाजवणारे सात, त्यात निम्मी वाद्यं तालाची. ट्रॅक संपले की चार-पाच वाद्यं एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायची आणि जागा मोकळी करायची, ही तेव्हाची रीत. पण टेपवरून टेपवर प्रत्येक उतरवणीत खरखर वाढते आणि आवाजातली वरची धार बोथट होते. रॉक बँडला त्याने फारसं बिघडत नाही. घंटी आणि खुळखुळे यांचा जीव मात्र त्या धारेतच असतो. तालाची वाद्यं एका खोलीत एकत्र वाजवली तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, आणि सगळ्यांना वेगवेगळं बसवलं तर ती एकमेकांकडे बघून येणारी लय हरवते. पहिल्या एलपीवर ही तारेवरची कसरत साधली आहे. 'आयिको बिया' मोठ्या आवाजात ऐका. घंटी, काँगा आणि ड्रम यांच्यात चक्क हवा खेळते.

लोकांनीही दाद दिली. 'ओसिबिसा' आणि त्याच वर्षी मागोमाग आलेला 'वोयाया' हे दोन्ही एलपी ब्रिटनच्या खपाच्या यादीत ११व्या क्रमांकापर्यंत गेले. मुखपृष्ठांवर रॉजर डीनने रंगवलेले कीटकांचे पंख असलेले उडते हत्ती होते. पुढे 'येस' या बँडच्या चित्रांमुळे डीन जगप्रसिद्ध झाला, पण हे हत्ती त्याच्या आधीचे. त्या चित्रांनी एक काम चोख केलं: रॉकच्या पोरांनी दुकानात हा एलपी रॉकच्या खणातून उचलला. 'वोयाया'चं शीर्षकगीत संथ, प्रार्थनेच्या वळणाचं. कुठे चाललोय ते ठाऊक नाही पण पोहोचू, एवढंच सांगणारं. श्रेय सातही जणांच्या नावावर. आर्ट गारफंकलने १९७३ साली ते आपल्या एलपीवर गायलं. त्या चालीत रॉकही नाही आणि नाचही नाही, तरी ती सगळ्यात लांब गेली.

१९७२च्या 'हेड्स'चं चित्र माती क्लारवाइनचं, ज्याची चित्रं सान्तानाच्या आणि माइल्स डेव्हिसच्या एलपींवर झळकली होती. त्यात 'चे चे कुले' आहे, घानातली मुलं रिंगणात उभी राहून खेळतात ते गाणं. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी परत द्यायची आणि हात डोक्यावर, खांद्यांवर, कमरेवर असे खाली खाली न्यायचे. मुलांचा खेळ रॉकच्या एलपीवर घेणं काही समीक्षकांना पोरकट वाटेल. पण ओसिबिसाचं सगळं शिक्षणच त्या रिंगणातलं आहे. एकाने दिलं, बाकीच्यांनी घेतलं, हेच तत्त्व त्यांच्या ब्रासमध्ये आणि ढोलांत चालतं. १९७३मध्ये 'सुपरफ्लाय टीएनटी' या अमेरिकन चित्रपटाचं संगीत त्यांच्याकडे आलं. त्या मालिकेतल्या पहिल्या चित्रपटाचं संगीत कर्टिस मेफिल्डचं होतं, तेव्हा सोलच्या जगात ओसिबिसाला काय किंमत होती ते यावरून कळावं.

तोवर मूळ सातजणांची मोट सुटायला लागली होती. स्पार्टाकस आर गेला. रिचर्डसन गेला आणि १९७३च्या सुरुवातीला पॉल कॉसॉफच्या जागी 'फ्री' या ब्रिटिश रॉक बँडबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. बेलीही बाहेर पडला, आणि त्याच्या जागी घानातल्या टाकोराडीचा किकी ग्यान हा किशोरवयातला विलक्षण कीबोर्डवादक आला. कॅमेरूनचे जाँ मान्देंग आणि पॉल गॉली आले, तालवाद्यांवर कोफी आयिव्होर आणि डार्को ॲडम्स पोटॅटो आले. ही मंडळी अव्वल दर्जाची होती, तरी एक गोष्ट गेली. पहिल्या संचात तिघे कॅरिबियन आणि चौघे पश्चिम आफ्रिकन असल्याने रॉक आणि ढोल यांच्यात खेच होती. नंतरचा संच जास्त एकजीव, जास्त सफाईदार आणि म्हणून जरा कमी धारदार वाटतो.

'वेलकम होम' (१९७५) ब्रॉन्झ कंपनीकडून आला, गेरी ब्रॉनच्या निर्मितीखाली. त्यातलं 'सनशाइन डे' १९७६च्या जानेवारीत ब्रिटनच्या एकल गाण्यांच्या यादीत १७व्या क्रमांकावर पोहोचलं, आणि त्याच वर्षी 'डान्स द बॉडी म्युझिक' ३१व्या. या गाण्यांना हलकं म्हणणाऱ्यांनी 'सनशाइन डे'चा धृपदाचा भाग बाजूला ठेवून खालची वीण ऐकावी. धृपद इतकं सोपं ठेवता आलं कारण खाली सगळी गुंतागुंत भक्कम उभी होती. कुणालाही पहिल्याच ऐकण्यात म्हणता येईल असं धृपद आणि पन्नासाव्या ऐकण्यातही उलगडत राहील असा ताल, हे दोन्ही एका गाण्यात बसवणं फार थोड्यांना जमलं आहे.

मग डिस्को आला. डिस्कोत बास ड्रम प्रत्येक ठोक्यावर पडतो: सोळा मात्रांत १, ५, ९, १३. क्पानलोगोच्या बोलात पाचवी आणि नववी मात्रा रिकामी असते, त्या रिकामपणावर नाचणाऱ्याचा पाय झुलतो. डिस्कोने त्या दोन्ही जागी खुंट्या ठोकल्या. वर घंटी तीच वाजली तरी आता कुणी अधांतरी राहत नाही. प्रत्येक ठोका हातात आणून दिलेला. नाचायला सोपं झालं आणि छेद गेला. १९८०च्या 'मिस्टिक एनर्जी'वर हा डिस्कोचा दाब ऐकू येतो. ओसिबिसा जुने झाले, पंकने त्यांना मागे टाकलं वगैरे कारणं दिली जातात. मला मूळ कारण लयीतलं वाटतं. सगळ्या बाजारानेच तो रिकामा ठोका भरून टाकला होता, आणि त्यांची ताकद त्या रिकाम्या ठोक्यात होती. किकी ग्यान तर बँड सोडून डिस्कोतच शिरला. तिथे त्याने काही झळाळती गाणी केली, मग अमली पदार्थांनी त्याला ग्रासलं आणि २००४ साली तो गेला.

बाजाराचा दुसरा फटका खणांचा. रॉकच्या खणात ते फार आफ्रिकन, सोलच्या खणात फार रॉक. १९८७च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली आणि दुकानांसाठी 'वर्ल्ड म्युझिक' असा नवा खण ठरवला. त्या खणाला हवं होतं ते गावाकडचं, अस्सल, नुकतंच सापडलेलं संगीत. सोळा वर्षांपूर्वीच लंडनमध्ये बसून, इलेक्ट्रिक गिटार घेऊन, हत्तींच्या चित्रासकट हे काम करून गेलेला बँड त्यात बसेना. त्यांच्याच पाऊलवाटेवरून आलेल्यांना शोध लावल्याचं श्रेय मिळालं आणि ओसिबिसा जुन्या हिट गाण्यांच्या संग्रहात राहिले. नायजेरियाच्या फेला कुटीशी होणारी तुलनाही अशीच तोट्याची ठरते. फेलाने लागोसमध्ये राहून लष्करी राजवटीशी दोन हात केले, त्याचं मोल मोठं आहेच. पण संतापाला खोली आणि आनंदाला उथळपणा बहाल करण्याची समीक्षकांची सवय मला मान्य नाही.

घानात त्यांचा परिणाम लगेच दिसला. घरचे ढोल घेऊन रॉक करता येतो आणि लंडन जिंकता येतं हे पाहून आक्रात तरुणांचे बँड निघाले. त्यातला हेडझोले साउंड्झ सगळ्यात चांगला. दक्षिण आफ्रिकेचा ट्रंपेटवादक ह्यू मासेकेलाने १९७३ साली त्यांच्याबरोबर एलपी केला. पण १९८१च्या ३१ डिसेंबरला तिथे लष्करी उठाव झाला, पाठोपाठ रात्रीची संचारबंदी आली आणि ती सुमारे दोन वर्षं टिकली. डान्स हॉलचं पोट रात्रीवर चालतं. ते बंद पडले, वाद्यांवरच्या आयात कराने नवी गिटार घेणं अवघड केलं, आणि वादक जर्मनीला किंवा चर्चच्या वाद्यवृंदात गेले. ओसिबिसाने रुजवलेलं रोप तिथे याच काळात सुकलं. उतारवयात मॅक टोंटो घानात परतला आणि केते वॉरियर्स या नावाने तरुण ढोलवादकांचा ताफा उभा करत राहिला. २०१०मध्ये तो गेला, आणि ओसेई २०२५च्या जानेवारीत, ८७ वर्षांचा होऊन.

लंडनमध्ये मागणी घटली तरी बाहेर घटली नव्हती. १९८० साली झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात ते वाजवून आले. भारतातल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण १९८१च्या 'अनलीश्ड' या लाइव्ह एलपीवर आहे. डिस्कोच्या दिवसांतला संच असूनही मंचावर ढोल पुन्हा मोकळे होतात, म्हणून हा एलपी त्या काळातल्या स्टुडिओतल्या कामापेक्षा सरस वाटतो.

ज्याला ओसिबिसा नव्याने ऐकायचा आहे त्याने संग्रहांपासून सुरुवात करू नये. संग्रहांत धृपदाची गाणी एकापाठोपाठ येतात आणि पार्टीचा शिक्का पक्का होतो. आधी पहिला एलपी सलग, मग 'वोयाया', मग १९७७चा 'ब्लॅक मॅजिक नाइट'. हा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या कार्यक्रमाचा दोन तबकड्यांचा एलपी आहे आणि स्टुडिओत आटोपशीर केलेली गाणी त्यात हातपाय पसरतात. पहिल्या ऐकण्यात फक्त घंटी किंवा काउबेल धरा, दुसऱ्यात फक्त बेस कुठे थांबतो ते बघा, तिसऱ्यात पाय लावा. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या छोट्या स्पीकरला खालची पट्टी झेपत नाही. बेस आणि मोठे ढोल नाहीसे होतात, उरतात ब्रास आणि धृपद. बरा हेडफोन किंवा घरातले जुने मोठे स्पीकर घ्या, आणि आवाज इतका ठेवा की काँगावरचा तळहात आणि बोटांची टोकं वेगळी ऐकू येतील.